'मग चॉकलेट सोडू का?': डिचोलीतल्या एका शिक्षिकेचे प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मी आहारतज्ज्ञ आहे. गोव्यात डिचोलीतल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसते. जूनमध्ये, पावसाने नुकताच जोर धरला होता तेव्हा, डॉक्टरांनी एका शिक्षिकेला माझ्याकडे पाठवले. वय ५४. मराठी प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवलेले, त्यामुळे गावात लहानथोर सगळे त्यांना 'बाई'च म्हणतात. मीही तेच म्हणू लागले. त्या मला 'ताई' म्हणतात, मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असूनही.

उंची १५३ सेंटिमीटर, वजन ७३ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१ च्या थोडा वर. कंबरेचा घेर ९६ सेंटिमीटर. भारतीयांमध्ये बीएमआय २३ पासून वजन जादा आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि बायकांच्या कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात. दवाखान्यात मोजलेले बीपी १४८/९२. दीड वर्षापासून ॲम्लोडिपिन या बीपीच्या औषधाची ५ मिलिग्रॅमची गोळी, रोज एक. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचे सरासरी माप) ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १४२. पाळी जाऊन चार वर्षे झालेली. वडील ५९ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, आणि ते बाईंच्या डोळ्यांदेखत, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता. ही गोष्ट त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितली. पुढे जे जे घडले त्याच्या मुळाशी ती भीती होती, म्हणून ती इथे नोंदवते.

'उंबरठ्यावर' असा निकाल गोव्यात मी हलका घेत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यातच निघाले होते, २६.४ टक्के.

घरची परिस्थितीही कळायला हवी. नवऱ्याचा ट्रक खाणीवर चालायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि दोनेक वर्षांनी मुलगा क्रूझ बोटीवर किचनमध्ये कामाला लागला. तो आठ-नऊ महिन्यांनी घरी येतो तेव्हा बॅगेत निम्मी जागा चॉकलेटांची असते. बोटीवरचा मुलगा असलेल्या गोव्यातल्या कुठल्याही घरात हे दृश्य दिसेल. शेजारीपाजारी, शाळेतली मुले, देवळातले भटजी, सगळ्यांना वाटून उरलेले फ्रिजमध्ये जाते.

अडचण

जानेवारीत बाईंनी एका व्हिडिओत ऐकले की डार्क चॉकलेट हृदयाला चांगले, रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवते, बीपी उतरवते. मुलगा नेमका यायचा होता. त्याला त्यांनी सांगितले, "यंदा दुधाचे नको, काळे आण." त्याने तीन किलो आणले. ते संपल्यावर नवरा म्हापशाहून आणू लागला.

मी त्यांना आदल्या दिवशीचे सगळे खाणे तासातासाने सांगायला लावले. सकाळी कपभर दुधात तीन चमचे ड्रिंकिंग चॉकलेट, वर एक चमचा साखर. शाळेतून आल्यावर डार्क चॉकलेटच्या चार-पाच वड्या. रात्री टीव्ही बघताना आणखी दोन-तीन. शंभर ग्रॅमचे पाकीट दोन दिवसांत संपत होते.

आम्ही दोघींनी मिळून पाकिटांवरचे आकडे वाचले. चॉकलेटवर 'डार्क' असे ठळक लिहिले होते, पण कोको ५५ टक्केच, उरलेली बहुतेक साखर. पन्नास ग्रॅममध्ये सुमारे २७० कॅलरी आणि २१ ग्रॅम साखर. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यात पहिला घटक साखर; वीस ग्रॅम भुकटीत साखरच पंधरा ग्रॅम. वरचा चमचा धरून दिवसाची ४१ ग्रॅम साखर आणि दुधाशिवाय जवळजवळ ३६५ कॅलरी झाल्या, त्याही फक्त 'हृदयासाठी' घेतलेल्या. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर जास्त बरे असे सांगते. पाच महिन्यांत वजन तीन किलोंनी वाढले होते.

"ताई, आवडते म्हणून नाही हो खात, औषध म्हणून खाते," बाई म्हणाल्या. हे त्या अगदी मनापासून बोलत होत्या. तीन किलो वजन वाढलेले त्यांनाही दिसत होते, पण वजनाची काळजी एकीकडे आणि वडिलांसारखे होईल ही भीती दुसरीकडे असे तोलले की भीतीच जड भरायची.

मग त्यांनी विचारले, "मग चॉकलेट सोडू का?"

कोकोबद्दल काय माहीत आहे

या प्रश्नाला मी लगेच 'हो' म्हटले नाही. बाईंनी ऐकले होते ते पूर्ण खोटे नव्हते, आणि ते खोटे म्हणून मी उडवून लावले असते तर पुढच्या वेळी त्यांनी माझे ऐकले नसते.

कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्ये असतात, त्यात एपिकॅटेचिन महत्त्वाचे. त्यांच्यामुळे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त मिळते आणि वाहिनी सैल पडते. या विषयाकडे संशोधकांचे लक्ष वेधले ते पनामाजवळच्या सान ब्लास बेटांवरच्या कुना लोकांमुळे. हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांना दिसले की बेटांवर राहून भरपूर कोको पिणाऱ्या कुनांचे बीपी वयाबरोबर फारसे चढत नाही आणि शहरात राहायला गेलेल्यांचे चढते. शिक्षिका असल्यामुळे बाईंना ही गोष्ट फार आवडली. पण ते कुना पीत होते तो कमीत कमी प्रक्रिया केलेला कोको होता, आणि शहरात जाताना त्यांचे नुसते पेयच बदलले नव्हते, सगळे जगणेच बदलले होते.

बीपीचे म्हणाल तर २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अहवालात) ३५ चाचण्या आणि १,८०४ माणसे एकत्र धरून सरासरी घट निघाली ती दोन मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी, आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच. रोज नेमाने घेतलेली बीपीची एक साधी गोळी याच्या कितीतरी पट काम करते.

सर्वांत मोठी चाचणी 'कॉसमॉस', २०२२ साली प्रसिद्ध झालेली. अमेरिकेतले २१,४४२ जण, पुरुष साठीच्या पुढचे आणि स्त्रिया पासष्टीच्या पुढच्या. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल, सुमारे साडेतीन वर्षे. हृदयविकाराच्या एकूण घटना दहा टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतकाच होता. हृदयविकाराने झालेले मृत्यू २७ टक्क्यांनी कमी होते, पण ते चाचणीचे मुख्य माप नव्हते. आणि मुख्य मुद्दा असा की ते सगळे कॅप्सूल घेत होते. चॉकलेटची एक वडीही त्यात नव्हती.

बाईंच्या प्रकरणाला सर्वांत जवळचा अभ्यास मात्र लहान आणि जुना आहे, २००८ चा. ४५ निरोगी माणसे, सरासरी वय ५३, सरासरी बीएमआय ३०. त्यांना डार्क चॉकलेट, साखर घातलेला कोको आणि बिनसाखरेचा कोको आळीपाळीने देऊन दंडातली धमनी किती सैलावते ते मोजले. सगळ्यांनीच फायदा दिसला, पण बिनसाखरेच्या कोकोने साखरेच्या कोकोपेक्षा दुपटीहून जास्त. मोजमाप खाल्ल्यानंतरच्या दोनेक तासांतले आहे, त्यावरून झटका टळेल असे कुणी म्हणू नये. पण वय, वजन, दोन्ही बाईंच्या जवळचे, आणि साखर घातली की कोकोच्या गुणावर कसे पाणी पडते ते त्यात स्वच्छ दिसते. मी हाच अभ्यास त्यांना सांगितला.

आणखी एक गोष्ट बाजारात उपयोगी पडते. कोको पावडर दोन तऱ्हेची असते. एक साधी, फिकट तांबूस, चवीला आंबट-कडू. दुसरी क्षार लावून प्रक्रिया केलेली, गडद, मऊ चवीची. या प्रक्रियेत फ्लॅव्हनॉल बरेचसे नष्ट होतात. डब्यावर 'ॲसिडिटी रेग्युलेटर' आणि पुढे ५०० किंवा ५०१ असा आकडा दिसला की ती दुसरी समजावी. रंग जितका काळा तितका कोको गुणी, असा बाईंचाच नव्हे तर पुष्कळांचा समज असतो, आणि या बाबतीत तो नेमका उलटा ठरतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०२३ मध्ये कोकोच्या पाकिटावर हृदयाचा उल्लेख करायला जी मर्यादित परवानगी दिली, तीही किमान चार टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या पावडरीपुरती, आणि 'पुरावा फार थोडा आहे' हे सोबत छापण्याच्या अटीवर. चॉकलेटला ती लागू नाही.

समोरचे पर्याय

डॉक्टरांचे मत सरळ होते, सगळे बंद. वैद्यकीयदृष्ट्या त्यात चूक काहीच नव्हते. पण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बाईंना भात पूर्ण बंद करायला सांगितले होते, आणि तो नेम अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी त्यांनी शीत-कढी (भात-आमटी) पोटभर खाल्ली आणि वर्षभर कुठल्याच आहारतज्ज्ञाचे तोंड पाहिले नाही. शिवाय ते चॉकलेट मुलाच्या हातचे होते. नऊ महिने समुद्रावर असलेल्या मुलाने आईसाठी काय आणावे, एवढाच त्यात त्या दोघांचा व्यवहार होता. तो तोडायला मी धजत नव्हते, आणि तोडला असता तरी तो चोरून चालू राहिला असता.

दुसरा पर्याय मुलाने फोनवर सुचवला, बाहेरून फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल पाठवायचा. साखर नाही, कॅलरी नाही. मी नको म्हटले. चाचणी बाईंपेक्षा मोठ्या वयाच्या लोकांवरची, मुख्य निकाल अनिर्णित, खर्च कायमचा. आणि माझी खरी भीती अशी की कॅप्सूल म्हटली की ती बीपीच्या गोळीच्या शेजारी जाऊन बसते आणि हळूहळू तिची जागा घेते. ही भीती किती जवळची होती ते मला नंतर कळले.

तिसरा, कडक डार्क म्हणजे ८५ टक्क्यांचे चॉकलेट तेवढेच खाणे. साखर घटते, कॅलरी घटत नाहीत; उलट कोको बटर वाढते. शिवाय डार्क चॉकलेटमध्ये शिसे आणि कॅडमियम सापडते. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेने २०२२ मध्ये तपासलेल्या २८ पैकी २३ चॉकलेटांत, रोज औंसभर (सुमारे २८ ग्रॅम) खाल्ले तर, दोहोंपैकी एका धातूचे प्रमाण त्यांनी धरलेल्या मर्यादेपलीकडे जात होते. रोज पन्नास ग्रॅम खाणाऱ्या माणसाला हे सांगायलाच हवे.

चौथा, अदलाबदल. ड्रिंकिंग चॉकलेटच्या जागी एक मोठा चमचा साधी बिनसाखरेची कोको पावडर, म्हणजे पाच ग्रॅम, पंधरा-वीस कॅलरी. संध्याकाळच्या वड्यांच्या जागी दुसरे काहीतरी. मुलाचे चॉकलेट आठवड्यातून दोनदा, दोन वड्या, जेवणानंतर, दिवसा. आम्ही हा पर्याय घेतला. बाईंना मी वहीत एकच प्रश्न लिहून दिला: 'हे कशाच्या जागी?' आधीच्या खाण्यावर वरून घातलेली कुठलीही चांगली वस्तू त्यांच्या वजनात भरच घालणार होती.

काय केले

पहिले दोन आठवडे बिनसाखरेचा कोको त्यांना गिळवेना. "काढा आहे हा," म्हणाल्या. मी साखर आठवड्याला पाव चमच्याने कमी करत नेली, सोबत वेलची आणि चिमूटभर दालचिनी. पाचव्या आठवड्यात साखर संपली. संध्याकाळच्या वड्यांच्या जागी मूठभर भाजलेले चणे किंवा मोसमात मिळेल ते फळ. पोदेराकडून (पाववाल्याकडून) मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोई. रात्रीचे चॉकलेट बंद केल्याचा एक लाभ अनपेक्षित होता. बाईंना कित्येक महिने झोप उशिरा लागायची आणि छातीत जळजळायचे. दोन्ही कमी झाले. चॉकलेटमध्ये कॅफिन आणि थिओब्रोमिन असते, आणि ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करते. छातीतली ती जळजळ त्यांना हृदयाची वाटायची, आणि त्या भीतीने त्या आणखी चॉकलेट खात.

चौथ्या आठवड्यात वजन दीड किलोने उतरले, पण बीपी तसेच, १४६/९०. डॉक्टर गोळीची मात्रा वाढवण्याच्या विचारात होते. या प्रकरणातले खरे वळण इथे आहे.

त्या दिवशी नवरा सोबत आला होता. दहा रुपयांची काहीतरी नाणी मोजता मोजता तो सहज बोलून गेला की औषधाचा खर्च आता परवडतो, तीस गोळ्या दोन महिने पुरतात. मी आणि डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिले. बाई खाली बघत होत्या. जानेवारीपासून त्या गोळी एक दिवसाआड घेत होत्या. "चॉकलेटही बीपी उतरवते ना, दोन्ही घेतले तर फार उतरेल असे वाटले."

मात्रा वाढवली असती आणि बाईंनी ती घाबरून रोज घ्यायला सुरुवात केली असती, तर खरोखरच बीपी जास्त उतरून चक्कर येण्याचा संभव होता. डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवली, रोज सकाळी कोकोच्या कपाआधी घ्यायची असे ठरवले, आणि घरी बीपीचे मशीन घ्यायला लावले. ते रागावले नाहीत, याचे मला फार बरे वाटले. दोन मिलिमीटर आणि गोळीचे काम यांतला फरक त्यांनी फळ्यावर काढावा तसा कागदावर काढून दाखवला. बाईंनी तो कागद घरी नेला.

दुसरी गोष्ट मीठ. जुलै म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळ्यासाठी साठवलेल्या खाण्याचे, दिवस. भांडे भरून खारवलेले बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), मिठातली तोरां (कैऱ्या). नदी-समुद्र खवळलेले, ताजी मासळी महाग, तेव्हा रोज किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि सुका बांगडा. दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही मर्यादा त्या घरात एकट्या दुपारच्या जेवणातच ओलांडली जात असणार. पुरुमेंत बंद करा असे मी सांगितले नाही. खारवलेला बांगडा आठवड्यातून एकदा, आधी पाण्यात भिजवून ते पाणी ओतून. किसमुरीत वरून मीठ नाही. तोरां पानात अर्धी फोड. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाल्यावर बांगडे-तारले ताजे मिळू लागले आणि हे आपोआप सोपे झाले.

चवथीला नेवऱ्या आणि पातोळ्यो झाल्या. त्या पाच दिवसांत कोको आणि चॉकलेट दोन्ही नाही, हा बाईंचा स्वतःचा नियम, मी सांगितलेला नव्हे.

परिणाम

डिसेंबरपर्यंत, सहा महिन्यांत: वजन ६९.४ किलो, कंबर ९१ सेंटिमीटर. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १२८/८०. एचबीएवनसी ५.९. एलडीएल १३३, म्हणजे उतरले पण थोडेच. वडिलांचा इतिहास आणि बाकी जोखीम पाहून डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, सुचवले. बाईंनी एक आठवडा मागितला आणि मग 'हो' म्हटले.

यात कोकोचे श्रेय किती? माझ्या मते अगदी थोडे. बीपी उतरले ते प्रामुख्याने गोळी रोज घेतल्याने, त्याखालोखाल मीठ आणि वजन घटल्याने. कोकोने केले ते एवढेच की सकाळच्या कपातल्या वीस ग्रॅम साखरेची जागा त्याने भरून काढली, आणि 'मी हृदयासाठी काहीतरी करते आहे' हे बाईंचे समाधान टिकवले. ते समाधान मला महत्त्वाचे वाटते, कारण त्याच्याच बळावर त्या दर महिन्याला परत येत राहिल्या.

पुन्हा करायचे झाले तर

पहिल्याच भेटीत मी गोळ्यांचा हिशेब विचारायला हवा होता. 'गोळी घेता ना?' असे मी विचारले होते, त्यांनी 'घेते' म्हटले, आणि ते खरेही होते. 'महिन्याला किती पट्ट्या आणता?' हा प्रश्न विचारला असता तर चार आठवडे वाचले असते. चॉकलेटचे आकडे इतके ठळक समोर होते की माझी नजर तिथेच खिळली. आता कुणीही 'हृदयासाठी' काही नवे खाऊ लागल्याचे सांगितले, मग ते लसूण असो, मेथी असो की अर्जुनाची साल, की माझा दुसरा प्रश्न हाच असतो की त्यासाठी काय कमी केले.

मिठाचे तर मला जूनमध्येच सुचायला हवे होते. मी इथलीच आहे, माझ्या घरीही त्याच आठवड्यात खारवलेले बांगडे भरून झाले होते.

घरच्या मशीनवर बीपी पहिल्या दिवसापासून मोजायला लावायला हवे होते. आणि मुलाशी बोलणे मी कॅप्सूलचा विषय निघेपर्यंत लांबवले, ते चुकले. घरात काय येते ते तो ठरवत होता.

तो डिसेंबरात आला. बॅगेत चॉकलेट होतेच, पण अर्धा किलो, वाटण्यापुरते. बाकी जागेत साध्या कोको पावडरीची दोन पाकिटे आणि आईसाठी चालायचे बूट. बाई आता संध्याकाळी नवऱ्याबरोबर नदीकाठाने चालायला जातात. पुढची रक्ततपासणी मार्चमध्ये आहे.